सगळ्यांना चाळीस मिनिटं

सिस्टरविषयी लिहायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी केलं. कंपनीच्या स्मरणिकेसाठी मजकूर मागितला होता, तेव्हा कँटीनच्या मिसळीवर दोन पानं लिहून दिली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात भेटलेल्या माणसांविषयी बोलायचा कार्यक्रम झाला, तेव्हा शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांवर बोललो. लोक हसले, चहा झाला. तिसऱ्या वेळी बायकोला सांगायला बसलो होतो, पण गॅस बुक करायचा राहिलाय असं म्हणून उठलो. आता बायको नाही, कंपनीशी संबंध नाही, आणि गेल्या श्रावणात सिस्टरही गेल्या. मला जाब विचारेल असं कोणी उरलेलं नाही. तरी हे लिहायला बसताना मी खोलीचं दार आतून लावून घेतलं आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत टाइम ऑफिस सांभाळत होतो. गाड्यांच्या आत वायरींचे जुडगे असतात, ते तिथे बनत. लांब टेबलं, टेबलावर खिळे मारून केलेला नकाशा, आणि त्यावर उभ्याने वायरी अंथरणाऱ्या बाया. कोण किती वाजता आलं, किती वाजता जागेवरून हललं, किती वाजता परत आलं, हे सगळं माझ्या संगणकावर दिसायचं. साठी उलटल्यावर मला सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत होती. तिच्यावर सही प्लँट हेड साहेबांची. दर वेळी त्या सहीच्या आधीचे पंधरा दिवस मला जेवण जात नसे. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्यामागे याहून मोठं कारण नव्हतं.

सिस्टर कंपनीच्या दवाखान्यात होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन आलेल्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या. उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या साडीखाली पुरुषी मापाचे कॅनव्हासचे बूट. जेवायच्या उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून. बसून जेवलं की हमखास कोणीतरी बोट कापून घेतं, असं त्यांचं म्हणणं. नावाने कुणाला हाक मारत नसत. बायांना नुसतं ‘बाई’, पुरुषांना त्यांच्या कामावरून. मला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘घड्याळराव’ म्हटलं. मला राग आला. महिन्याभरात सगळी कंपनी म्हणायला लागली, मग राग कुणाकुणावर धरणार?

कागदाशी त्यांचं वैर होतं. अपघाताचं रजिस्टर तेवढं नीट लिहायच्या, कारण ते कायद्याने लागतं. बाकी सगळं डाव्या तळहातावर, बॉलपेनाने. आमचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येत. ते आले की सिस्टर तळहात पुढे धरून वाचून दाखवायच्या, डॉक्टर सांगतील त्या गोळ्या द्यायच्या, आणि मग स्पिरिटचा बोळा फिरवून हात कोरा करायच्या. मी एकदा म्हणालो, “सिस्टर, हे नियमात बसत नाही. रेकॉर्ड पाहिजे.”

“अपघात कंपनीचा असतो, तो लिहिते,” त्या म्हणाल्या. “बाईचं दुखणं बाईचं असतं. ते तिच्याबरोबर घरी गेलं पाहिजे, तुमच्या कपाटात नाही.”

आणखी एक. दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उलटं टांगलं होतं, तोंड भिंतीकडे. माझ्यासारख्या माणसाला ते बघवत नसे. दोनदा मी ते सरळ करून आलो, दोन्ही वेळा दुपारपर्यंत त्याने परत पाठ फिरवलेली. त्यांना स्वतःला वेळ कळायची, कारण साडीला उलटं पिन केलेलं एक छोटं घड्याळ असायचं. पण समोर बसलेल्या बाईला काटे दिसता कामा नयेत. का, ते मला पुढे कळलं.

टाइम ऑफिस आणि दवाखाना यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत होती. तिकडचं बोलणं मला ऐकू यायचं. ऐकू येत नाही असं दाखवायची मला सवय झाली होती.

वायरिंगच्या बाया पाणी पीत नसत. पाणी प्यालं की संडासला जावं लागतं, आणि जागेवरून उठायचं तर रिलीव्हर यायला हवा, म्हणजे तेवढ्यापुरती जागा सांभाळणारी दुसरी बाई. ती सगळ्या टेबलांना मिळून एक. शिवाय बायकांच्या संडासाच्या दोन दारांपैकी एकाला कडी नव्हती. सिस्टरनी मेंटेनन्सला चारदा सांगितलं. पाचव्यांदा त्या स्वतः टूल रूममधून स्क्रू ड्रायव्हर आणि कडी घेऊन गेल्या आणि बसवून आल्या. मेंटेनन्सवाला भांडायला आला, “सिस्टर, हे आमचं काम आहे.” त्या म्हणाल्या, “हो का? मग तुझं काम मी केलं. आता माझं तू कर. आत ये, ओटीपोट दुखतंय म्हणून एक बाई बसलीय.” तो गेला तो गेलाच.

दुखणाऱ्या बाया खूप होत्या. अंगावरून पांढरं जाणं, जळजळ, खाज, कंबर धरणं. महिनोन्‌महिने अंगावर काढायच्या. करोना ओसरल्यावर पुण्यातल्या एका संस्थेने कंपनीला संबंधातून लागणाऱ्या रोगांच्या चाचणीचे किट दिले. मोठी लॅब नको, रिपोर्टची वाट नको. पडद्याआड जाऊन बाईने स्वतःच कापसाची काडी आतून फिरवून आणायची, सिस्टरनी ती औषधाच्या पाण्यात घोळून पट्टीवर थेंब टाकायचे, वीस मिनिटांत रेघ उमटते की नाही ते बघायचं. उमटली तर त्याच खुर्चीत गोळ्या सुरू, डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे. करोनामुळे रेघेची ती भाषा सगळ्यांना पाठ झाली होती. पण नाकातली रेघ वेगळी आणि ही वेगळी. या रेघेने नवरा, सासू, खोल्यांची सगळी चाळ जागी होते.

पहिल्या दिवशी सिस्टरनी आम्हा पुरुषांनाही बोलावून सांगितलं. वायरिंगचा सुपरवायझर मागून म्हणाला, “सिस्टर, आमची पण टेस्ट हाय का?” सगळे हसले.

सिस्टर हसल्या नाहीत. “आहे की. पण तुला पडद्याआड न्यायला दोन माणसं लागतील. त्यापेक्षा बायकोला घेऊन ये. तू काय करतोस ते तिच्या पट्टीवर दिसेल.”

त्यानंतर त्याने त्यांच्याकडे सरळ नजरेने पाहिलं नाही. मला तेव्हा मजा वाटली होती.

त्या वीस मिनिटांत आत बसलेल्या बाईची काय अवस्था व्हायची, ते मी प्लायवूडमधून रोज ऐकलं आहे. आधी काहीच आवाज नाही. मग बांगड्यांचा. मग एकच प्रश्न, वेगवेगळ्या बोलीत. “सिस्टर, काय निघंल?” “सिस्टर, निघालं तर ह्यांना सांगावं लागतं का?” सिस्टर त्यावर आधी एक मोठा ग्लास पाणी प्यायला लावायच्या आणि मग वर्तमानपत्रातल्या वधू-वराच्या जाहिराती मोठ्याने वाचायला घ्यायच्या. “गोरी, सुशील, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे. वर निर्व्यसनी. बघ बाई, हे निर्व्यसनी स्वतःच लिहिलंय ना याने? मोजलं कोणी?” मग एखादी फिस्सकन हसायची. हसणं आणि रडणं यात फार फरक नसायचा तिथे.

आणि आत गेलेली बाई चाळीस मिनिटं बाहेर येत नसे. रेघ असो, नसो. चाळीस म्हणजे चाळीस. वीस मिनिटांच्या चाचणीला चाळीस मिनिटं. माझ्या संगणकावर ते दिसायचं, आणि दिसलं की मला खुपायचं. शेवटी मी आत जाऊन विचारलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. “घड्याळराव, नीट ऐका. जिला काही नाही, तिचं काम वीस मिनिटांत होतं. जिला आहे, तिला आणखी वीस लागतात. गोळी गिळणं, नवऱ्याच्या गोळ्या समजून घेणं, रडणं, तोंड धुणं. आता मी निरोगी बाईला वीस मिनिटांत सोडली, तर मागे राहिली ती कोण? टेबलावरच्या सगळ्या मोजत असतात. म्हणून सगळ्यांना चाळीस, आणि काटे दिसले की बाया उठायला बघतात म्हणून ते घड्याळ उलटं. माझी जीभ गप्प राहील, पण तुमचं घड्याळ गप्प राहत नाही.”

मला तेव्हा त्यांचं म्हणणं समजलं नाही, असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगून बघितलं. समजलं होतं. पहिल्याच वेळी, पूर्णपणे समजलं होतं.

तिसऱ्या टेबलावर एक लातूरकडची मुलगी होती. म्हणायला बाई, पण चोवीस-पंचवीस वर्षांची. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही. तिचा नवरा आमच्याच कंपनीत प्रेस मशीनच्या खात्यात, प्रेस शॉपला. दोघं एकाच मोटरसायकलवर यायची, जायची. ती एकदा नुसती चौकशीला आली होती. मी ऐकलं.

“सिस्टर, हे कुणाला कळतंय का?”

“तुला आणि मला.”

“माझं राहू द्या. ह्यांना कळलं तर कामून गेलतीस म्हणून इचारतील. काय निघायच्या आधीच मारतील बगा.”

“इथून सगळ्या चाळीस मिनिटांनीच बाहेर पडतात. तुझ्या कपाळावर काही लिहिलेलं नसेल. त्रास किती दिवसांचा आहे?”

“दिवाळीपासनं.”

“मग ये. जेव्हा धीर होईल तेव्हा ये. पण ये.”

तिला धीर व्हायला महिना लागला. त्या महिन्यात मी मध्ये पडलो.

झालं असं की मासिक बैठकीत साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले. जागेवर नसलेल्या वेळेचा रकाना लाल होता. साहेब कुणावर ओरडत नसत. ते फक्त पेनाचं टोपण काढायचे आणि बसवायचे. “दवाखान्यात काय चाललंय?” त्यांनी विचारलं. बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडाशी होतं. त्या चाळीस मिनिटांचं कारण त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण माझी मुदत पुढच्या महिन्यात संपत होती, आणि ते टोपण निघत होतं, बसत होतं. मी म्हणालो, “मी बघतो सर.”

त्याच दुपारी मी चिठ्ठी काढली. तिचा मजकूर असा: ‘चाचणीचा निकाल सामान्य आल्यास महिला कामगारास वीस मिनिटांनंतर तत्काळ कामावर परत पाठवावे. अधिक वेळ लागल्यास तसे टाइम ऑफिसला कळवावे.’ खाली माझी सही. एक प्रत सिस्टरना, एक त्यांची पोच घेऊन माझ्या फाइलला. सुपरवायझरला तोंडी सांगितलं, वीस मिनिटं झाली की दार वाजव.

सिस्टरनी चिठ्ठी दोनदा वाचली. पोचेच्या जागी लिहिलं, ‘मिळाली. हे करू नका.’ आणि सही केली. मग त्यांची प्रत त्यांनी, सवयीप्रमाणे, माझ्यासमोर फाडून डब्यात टाकली.

“उद्या एखादीचं हाड मोडेल, घड्याळराव.”

मी म्हणालो, “वरून आलंय, सिस्टर.” वरून काहीच आलं नव्हतं. वरून फक्त एक प्रश्न आला होता.

त्यांनी पहिले काही दिवस चिठ्ठी जुमानली नाही. आतून ओरडायच्या, “अजून झालं नाही.” पण सुपरवायझर दार वाजवत राहायचा, आणि बायाच घाबरायला लागल्या.

तो बुधवार. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बुधवारी मालाची घाई असते. अकराच्या चहानंतर चौघी एकदम दवाखान्यात गेल्या. चौथी ती, तिसऱ्या टेबलावरची. वीस मिनिटांनी दारावर थाप पडली. “चला, चला. झालं असंल त्यांनी बाहेर या.”

“बसा सगळ्या,” सिस्टर म्हणाल्या.

“न्हाई सिस्टर, नाव लिवत्यात. जातो आमी.” चपलांचे आवाज झाले. तिघी गेल्या.

मग ती म्हणाली, “मी बी जाते.”

“तू थांब. गोळ्या घे.”

“त्या तिघी गेल्या ना. मी एकलीच राहिले. सगळ्यांला कळंल.”

“अर्धं ऐकून जाऊ नकोस. हे बरं होणारं आहे, बाई. पूर्ण बरं होणारं. पण त्यालाही गोळ्या घ्याव्या लागतील. मी बोलावून सांगते त्याला.”

“नको. तुमच्या पाया पडते, नको.”

माझ्यासमोर पडद्यावर तिच्या नावापुढचे आकडे सरकत होते. एकतीस. बत्तीस. मला एवढंच करायचं होतं की त्या तिघींना काहीतरी कारण काढून माझ्या खिडकीपाशी बोलवायचं आणि वीस मिनिटं उभं करायचं. फोटो जुना झालाय, सही जुळत नाही, काहीही. टाइम ऑफिसचा माणूस हे बसल्या जागी करू शकतो. मी काटकसरीने श्वास घेत बसून राहिलो, पलीकडे आवाज जाऊ नये म्हणून. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला ती बाहेर पडली. पदराने तोंड पुसत होती. सुपरवायझर टेबलांच्या रांगेतून मोठ्याने म्हणाला, “आली का आपली पेशल पेशंट.” कोणीही हसलं नाही. तिसऱ्या टेबलावरच्या बाया थोड्या थोड्या बाजूला सरकल्या, हात लावला तर काही चिकटेल तशा.

जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट वायरिंगमधून प्रेस शॉपला पोचली.

साडेतीनला शिफ्ट सुटली. माझ्या खिडकीतून गेट आणि मोटरसायकलींचा स्टँड दिसतो. नवरा गाडीवर बसून होता, गाडी चालू न करता. ती आली आणि चार पावलांवर थांबली. त्याने मागच्या सीटवर हात आपटला. तिने वळून वर पाहिलं, बहुतेक दवाखान्याच्या खिडकीकडे. पण दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी, त्यामुळे तिची नजर माझ्यावरून गेली. मी मान खाली घालून हजेरी जुळवायला लागलो. हजेरी जुळलेलीच होती.

गुरुवार सुट्टीचा. त्या दिवशी मी देहूला गेलो, देवळात बसलो, आणि घरी आल्यावर देवळात काय केलं ते आठवेना.

शुक्रवारी दोघंही गैरहजर. नऊ वाजता सिस्टर टाइम ऑफिसच्या दारात आल्या. तिथे त्या पूर्वी कधी आल्या नव्हत्या.

“हजेरी बघा.”

“नाही आली.”

“तो?”

“तोही नाही.”

त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्याकडे तिचं काहीच नाही. नाव नाही, पत्ता नाही. तुमच्याकडे आहे. चला.”

मी म्हणालो, “पत्ता असा देता येत नाही, सिस्टर. गोपनीय असतो.”

हे वाक्य मी बोललो. त्या माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिल्या की मी उठून हेल्मेट घेतलं.

महाळुंग्याला खोल्यांची एक लांब रांग होती, पत्र्याची, समोर सामायिक नळ. सातव्या दाराला कुलूप. नळावर धुणं धुणारी बाई आम्हाला बघून उठली.

“कंपनीतले का? परवा सांच्याला लई आवाज झाला बाई. भांडी पडली, ती वरडली. मंग एकदम गप झालं.”

“मग?” सिस्टरनी विचारलं.

“मंग काय. आमी दार लावून घेतलं. आमच्यात बी नवरे हायेत.”

“नंतर कुणी बाहेर पडलं? रिक्षा आली? कुणी उचलून नेलं?”

“आमी न्हाई बघितलं.”

सिस्टर दाराशी गुडघ्यांवर बसल्या आणि गाल जमिनीला टेकवून फटीतून आत बघू लागल्या. एवढी ताठ बाई, पांढरी साडी मातीत. “उजेड द्या,” म्हणाल्या. मी मोबाईलची बॅटरी फटीशी धरली. तोंड मात्र दुसरीकडे वळवलं होतं, त्यामुळे उजेड दारावरच पडत होता. “आत धरा ना हो.” मला आत बघायचं नव्हतं. वास येतोय का, एवढंच मी बघत होतो. सिस्टर सांगत गेल्या, “ताट आहे. चप्पल एक. गोळ्यांचं पाकीट फाटलेलं, गोळ्या सांडल्यात. त्याच्या वाट्याच्या.” मग साडीवरची माती न झटकता उठल्या. “आत कोणी नाही,” म्हणाल्या.

शनिवारी दुपारी कळलं. ती जिवंत होती. भोसरीला भावाकडे होती, उजवं मनगट मोडलेलं. रांगेतल्याच कुणीतरी पहाटे तिला रिक्षात बसवून दिलं होतं, पण ते आम्हाला सांगायची कोणाची छाती झाली नव्हती. मी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. आणि पुढच्याच क्षणी मनात आलं की आता चौकशी होणार. तिच्या जिवाची भीती जाऊन तिच्या जागी माझी स्वतःची भीती आली, त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

सोमवारी नवरा चार माणसं घेऊन गेटवर उभा राहिला. कंपनीच्या नर्सने माझ्या बायकोची बदनामी केली, तिने नाव फोडलं, असं ओरडत होता. मारलं कुणी, हे त्याला कोणी विचारलं नाही. साहेबांनी केबिनमध्ये चौकशी ठेवली. साहेब, एचआरच्या मॅडम, सिस्टर आणि मी.

मॅडमनी विचारलं, “सिस्टर, रिझल्ट कुणाला सांगितला होता?”

“कुणालाही नाही.”

“मग बाहेर कसा गेला?”

“वेळेवरून. तिघींना वीस मिनिटांत बाहेर काढलं, ही एकटी मागे राहिली. तशी लेखी सूचना होती.” त्या माझ्याकडे वळल्या. “चिठ्ठी दाखवा, घड्याळराव.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

ती चिठ्ठी शनिवारी संध्याकाळीच मी फाइलमधून काढून घरी नेली होती. मी म्हणालो, “लेखी असं काही नव्हतं सर. वीस मिनिटांचं सिस्टरनीच ठरवलं होतं.”

सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी डाव्या तळहाताकडे पाहिलं, नकळत, सवयीने. तिथे काही नव्हतं.

“तुमच्याकडे प्रत असेल ना?” मॅडमनी विचारलं.

“मी कागद ठेवत नाही.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे, सिस्टर.”

आठवड्याभरात त्यांना जायला सांगितलं. किट संस्थेने परत नेले. भिंतीवरचं घड्याळ कोणीतरी सरळ करून टांगलं. माझी मुदतवाढ झाली.

ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. वर दिलेला मजकूर तिच्यावरूनच उतरवला. खाली सिस्टरचं अक्षर आहे, ‘मिळाली. हे करू नका.’ हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या वेळी त्या कंपनीत असेल, तर त्याने एवढं ध्यानात घ्यावं: सिस्टरनी काहीही फोडलं नाही. नाव फुटलं ते माझ्या सहीच्या चिठ्ठीने, आणि ती चिठ्ठी होती हे मी लपवलं.

गेल्या वर्षी, त्या जाण्याच्या काही महिने आधी, मी तळेगावला त्यांच्या घरी गेलो होतो. दोन मजले चढून, चिठ्ठी शर्टाच्या खिशात घेऊन. दार त्यांनीच उघडलं. खूप वाळल्या होत्या, पण बूट तसेच, घरातही.

“घड्याळराव. या. बीपी दाखवायला आलात का? जिन्यात धाप लागलेली ऐकली मी.”

मी नाही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. वाढलं होतं. “कसली काळजी करता एवढी?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वयाचं आहे.

मग त्याच बोलू लागल्या. कंपनी सोडल्यावर त्या संस्थेबरोबर खोल्याखोल्यांतून किट घेऊन फिरल्या होत्या. “महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी. पहिल्या दिवशी बाया येतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं, ही तीच, नवऱ्याला सांगणारी. मग कोणी दार उघडत नाही. एका बाईने आतूनच सांगितलं, मरंन पण तुमच्याकडं येणार न्हाई. तिला त्रास होता, तिच्या आवाजावरून कळत होतं.” त्यांनी पट्टा गुंडाळला. “मी गेले नाही मग. माझ्यामुळे चांगलं किट बदनाम नको.”

“आणि ती?” मी विचारलं. नाव दोघांनीही घेतलं नाही.

“भोसरीत वर्कशॉपला आहे म्हणे, भावाकडेच राहते. तीन वेळा फोन केला. गोळ्या पुऱ्या केल्यास का, एवढंच विचारायचं होतं. अर्ध्यावर सोडल्या असतील तर ते दुखणं पोटात वर सरकतं, पुढे मूल राहत नाही. ती माझा आवाज ऐकला की फोन ठेवते.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.”

माझा हात खिशावर होता. कागद काढायचा आणि एवढंच म्हणायचं होतं: सिस्टर, चला, रिक्षा करतो, भोसरीला जाऊ, मी तिला सांगतो कुणी केलं ते. पाठ करून आलो होतो. तोंड उघडलं तर म्हणालो, “बराच उन्हाळा आहे यंदा.”

“आहे,” त्या म्हणाल्या.

मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या. “काही सांगायचं होतं का?”

“नाही. सहज आलो होतो.”

“माझ्याकडे सहज कोणी येत नाही,” त्या म्हणाल्या, आणि दार धरून उभ्या राहिल्या. मी चपला घालायला वाकलो. डाव्या पायाचा पट्टा बसत नव्हता, की मीच बसू देत नव्हतो, सांगता येत नाही. त्यांनी घाई केली नाही. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन थांबला, तरी त्या तशाच उभ्या होत्या, मान थोडी पुढे काढून, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांना माहीत होतं. मी काय बोलणार ते त्यांना माहीत होतं, आणि ते मी बोलावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

“येतो, सिस्टर,” मी म्हणालो.

जिना उतरताना मी कठड्याला धरून सावकाश उतरलो. वरचं दार लागल्याचा आवाज मी खालच्या फाटकापाशी पोचेपर्यंत आला नव्हता.